गुरुवारची लाईट आणि आमचा राउटर

आमच्या घरात राउटरला एकच औषध माहीत होतं. स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, ते जरा बंद करून चालू करा!" मग मी शोकेसच्या मागे हात घालून प्लग उपसायचो, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचो, परत खोचायचो. दोन मिनिटांत सगळे खूश. चार-पाच दिवसांनी पुन्हा तीच हाक.

एकतीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला काढलेल्या माणसाला याची खरं तर लाज वाटायला हवी होती. आमच्या खात्यात कुणी मशीन बंद करून चालू केलं आणि "झालं साहेब" म्हणत आला, तर लॉगबुकात ते दुरुस्ती म्हणून लिहू देत नसत. बंद केलं की पुरावा जातो. बेअरिंग तापलं होतं का, कुठला रिले चिकटला होता, प्रेशर किती होतं, सगळं पुसलं जातं आणि मशीन साळसूदपणे परत चालू लागतं. तिसऱ्या शिफ्टला तेच मशीन तुम्हाला झोपेतून उठवतं.

सूनबाई हिंजवडीच्या कंपनीत आहे, आठवड्याचे तीन दिवस घरून काम करते. श्रावणातल्या एका बुधवारी ती खोलीतून बाहेर आली. "बाबा, गंमत बघा. मीटिंग चालू आहे, माझं बोलणं त्यांना नीट जातंय. पण फाईल उघडत नाहीये. जे आधीपासून उघडं आहे ते चालतंय, नवीन काहीच उघडत नाही."

मी नेहमीप्रमाणे प्लग उपसला. निम्मं निदान तिने तिथेच केलं होतं, हे मला दीड महिन्याने कळलं.

मधल्या काळात इंटरनेटवाल्यांशी दोनदा भांडून झालं. फोनवरच्या बाईंनी दोन्ही वेळा राउटर रीस्टार्ट करायला सांगितला, म्हणजे आमचंच औषध आम्हाला. तिसऱ्यांदा एक मुलगा घरी आला. चांगला होता बिचारा. फायबरची पिवळी वायर काढून त्याने मीटरला लावली, उणे २१ आलं. उणे २७ पर्यंत चालतं म्हणे, म्हणजे प्रकाश नीट येत होता. मग शोकेसकडे बघत म्हणाला, "काका, राउटर जुना झालाय. नवीन घेऊन टाका." तो गेल्यावर ही म्हणाली, "घेऊन टाका." सूनबाई म्हणाली, "बाबा, मी ऑर्डर करू का?" तेव्हा मला राग आला. रोग माहीत नसताना पार्ट बदलणाऱ्या फिटरवर येतो तोच.

बँकेची फुकट मिळालेली डायरी कोरीच पडली होती. तिच्यात रकाने आखले. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. प्रत्येक वेळी तीन मोजमापं: सूनबाईच्या टेबलावर वायफायचा वेग, तिथूनच राउटरला पिंग, आणि बाहेरच्या जगाला पिंग. पिंग म्हणजे हाक मारायची आणि 'ओ' किती वेळात येते ते मोजायचं. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, बाहेरचा ८.८.८.८. आतल्या हाकेला ओ लगेच आली आणि बाहेरच्या हाकेला आली नाही, तर वायफाय निर्दोष. आतल्याच हाकेला उशीर होत असेल, तर इंटरनेटवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही. हे एवढं आधी केलं असतं तर माझे फोनवरचे दोन तास वाचले असते.

आणि घरात ताकीद दिली, आठ दिवस कुणी प्लगला हात लावायचा नाही. ही म्हणाली, "आणि माझ्या मालिकांचं काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठ दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की आजार एक नव्हता, दोन होते. आम्ही दोघांना 'नेट स्लो' याच एका नावाने हाक मारत होतो.

पहिला रोज रात्री यायचा आणि सकाळी जायचा. रात्री नऊला राउटरलाच पिंग १८० मिलिसेकंद, सकाळी सातला तीन. दुसरा दिवसागणिक साचायचा. पहिले तीन दिवस पत्ता नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घर ठप्प. त्याची खूण वेगळी होती. राउटरला पिंग झकास, तीन-चार. बाहेरच्या पिंगला दहातल्या सात हाकांना ओच नाही. तेव्हाच लॅपटॉप राउटरला वगळून थेट फायबरच्या डबीला जोडला, लॅपटॉपवरच युजरनेम-पासवर्ड टाकला, तर १०० च्या प्लॅनवर ९४ वेग. म्हणजे रस्ता मोकळा होता, नाका तुंबला होता.

बिघाडाला लय असते. तासातासाने येतो तो बहुधा उष्णतेचा. ठरावीक वेळेला येतो तो गर्दीचा. आणि दिवसांच्या हिशेबाने येतो तिथे कुठेतरी काहीतरी साठत असतं: टाकीत गाळ, फिल्टरमध्ये कचरा.

रोज रात्रीच्या आजारात मी आधी चुकलो, ते सांगतो. मला वाटलं उष्णता. राउटर शोकेसच्या काचेमागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर आणि वर हिने विणलेला क्रोशाचा रुमाल. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या पोरांनी मला इन्फ्रारेड थर्मामीटर दिला होता. तो रोखला तर ६१ अंश! राउटर बाहेर काढून भिंतीवर टांगला, ४४ वर आला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरवलं की आयुष्य दुप्पट होतं असा आमचा जुना ठोकताळा आहे, त्यामुळे राउटरचं भलंच झालं असेल. रात्री नऊचा पिंग मात्र १७५.

मग मोबाईलवर वायफायची ॲप टाकून बघितलं. आमच्या बेडरूममधून सत्तावीस वायफाय दिसतात. एकाचं नाव चक्क 'पासवर्ड मागू नये' आहे. तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते मला माहीत आहे, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. या सत्तावीसपैकी निम्म्याहून जास्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि त्यातले बहुतेक सहा नंबरच्या चॅनेलवर, आम्हीही त्यातच. या पट्ट्यात चॅनेल तेरा दिसले तरी एकमेकांना धक्का न देणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. चॅनेलची मधली अंतरं ५ मेगाहर्ट्झची आणि प्रत्येकाचा पसारा वीसचा. त्यामुळे कुणी शहाणपणाने तीन नंबर निवडला, तर तो एकवाल्यांनाही त्रास देतो आणि सहावाल्यांनाही. आमचा राउटर 'ऑटो'वर होता आणि चॅनेल निवडायचा तो सुरू होतानाच. मी रीस्टार्ट करायचो सकाळी अकराला, सगळी इमारत ऑफिसात असताना. त्याला सहा नंबर रिकामा वाटायचा. रात्री पोरंबाळं घरी आली की तीच जागा म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड.

अकरा नंबर पक्का केला, रुंदी चाळीसवरून वीसवर आणली आणि सूनबाईचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला. तिच्या टेबलापर्यंत एकच भिंत आहे, तेवढी ५ वाला पार करतो. त्या रात्री नऊला पिंग ४. पहिला आजार संपला.

दुसरा मात्र ठरल्या दिवशी हजर झाला.

आता डायरी मागे चाळायला काही नव्हतं, म्हणून हिला विचारलं, "हे नक्की कधीपासून सुरू झालं गं?" ती म्हणाली, "पूर्वी नव्हतं असं. म्हणजे रखडायचं एखाद्या बुधवारी, पण मग व्हायचं आपोआप नीट." आपोआप? यंत्र आपोआप नीट होत नसतं. मी विचार करत बसलो. दुपारी लाईट गेली. गुरुवार होता. इन्व्हर्टर टक् करून चालू झाला, पंखा फिरत राहिला, राउटरचे दिवे लुकलुकत राहिले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

पुण्यात लाईट दुरुस्तीसाठी जायची असली तर गुरुवारी. दर गुरुवारी जाते असं नाही, पण जायला तो वार. शिवाय पावसाळ्यात पाच-दहा मिनिटांचे झटके असतातच. आम्ही इन्व्हर्टर घेतला या जूनमध्ये आणि त्यावर राउटरही टाकला. त्याआधी लाईट गेली की राउटर मरायचा, आली की नव्याने जन्मायचा. म्हणजे आजार जुनाच होता आणि वीजवाले इतकी वर्षं फुकट औषध देत होते! आम्ही पैसे खर्च करून ते बंद केलं.

पण औषध कळणं म्हणजे रोग कळणं नव्हे. राउटरच्या पानावर, जिथे पासवर्ड टाकून आत जातात तिथे, अगदी तळाशी 'ॲक्टिव्ह सेशन्स', म्हणजे चालू जोडण्या, असा एक आकडा होता. डायरीत चौथा रकाना आखला. रीस्टार्टनंतर २१०. दुसऱ्या सकाळी ११८०. मग २१६०, ३१५०. आणि पाचव्या दिवशी सकाळी ४०९६. दुपारी ४०९६. रात्री ४०९६. पुढे जाईना. दोनाचा बारावा घात म्हणजे ४०९६, हा आकडा योगायोगाने येत नाही. टाकी काठोकाठ भरली होती.

हे कसलं भरणं, ते आमच्या सोसायटीच्या गेटवरून सांगतो. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा पत्ता एकच दिसतो. घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप त्या एका पत्त्याआडून बोलतात आणि आलेलं उत्तर कुणाचं, हे कळावं म्हणून राउटर वॉचमनसारखी वही ठेवतो. कोण गेलं, कुणाकडे गेलं. काम संपलं की निरोप घेऊन नोंद खोडली जाते. पण एखादा सही न करताच गायब झाला, तर वॉचमन समजतो की आहे अजून आत. बऱ्याच घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिच्यात अशा चालू जोडणीची नोंद मुळात ठेवतात ४,३२,००० सेकंद. मी भागून पाहिलं, बरोबर पाच दिवस. वहीचं शेवटचं पान भरलं की आधी आत असलेले फिरत राहतात, नवीन माणसाला गेटवरच थांबवलं जातं. "जे आधीपासून उघडं आहे ते चालतंय, नवीन काहीच उघडत नाही." सूनबाईंनी सांगितलं होतंच.

आता प्रश्न एवढाच की सही न करता पळणारा कोण? डायरीतच होतं, मला दिसायला दोन दिवस लागले. सकाळी सात ते दुपारी दोन आकडा जवळपास हलत नव्हता. वाढत होता रात्री नऊ ते सकाळी सात. सगळं घर झोपलेलं असताना. आम्ही घरात चार माणसं, मोबाईल बंद करून झोपणारं एकही नाही, पण रात्रभर नऊशे जोडण्या उघडणारंही कुणी नाही.

राउटरचा सिस्टिम लॉग उघडला. रात्री पावणेबारापासून एकच ओळ, एकाच यंत्राची: पत्ता द्या, पत्ता दिला. अडीच मिनिटांनी परत पत्ता द्या, पत्ता दिला. परत अडीच मिनिटांनी. पहाटे सहापर्यंत बोटाने सरकवत गेलो, तीच ओळ. यंत्राचा नंबर डब्यांवरचे स्टिकर वाचत शोधला. दारावरचा कॅमेरा.

हा कॅमेरा दोन वर्षांपूर्वी भाच्याने बसवला. दाराबाहेरच्या चपला एकदा चोरीला गेल्या होत्या, त्यावर त्याचा उपाय. "मामा, वायर दिसणार नाही अशी टाकलीये," असं कौतुकाने म्हणाला होता. वायर खरोखरच दिसत नव्हती. टीव्हीमागच्या प्लगपासून छताच्या कडेने दारापर्यंत पाच मीटर, दोऱ्याएवढी बारीक.

सूनबाई म्हणाली, "बाबा, राउटरचं अपडेटही आलंय, तेही करून टाकू का?" मी जवळजवळ ओरडलोच. एका वेळी एकच बदल. कॅमेरा काढला, बाकी कशालाही हात लावला नाही, पाच दिवस थांबलो. सेशन्स २०० ते २६०. मग कॅमेरा परत लावला. सकाळी ११००. चोर सापडला, पण तो रात्रीच का चोरी करतो?

स्टुलावर चढून कॅमेऱ्याजवळ वायरचं इन्सुलेशन जरासं सोललं आणि मल्टिमीटर लावला. दिवसा ४.७ व्होल्ट. ॲडॅप्टरच्या टोकाला ५.१ होते, म्हणजे वाटेत ०.४ गेले. मग कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पंजा धरला, त्याला रात्र वाटावी म्हणून. आतून 'टिक्' असा बारीक आवाज आला. रात्रीसाठी आतली काच सरकते तो. भिंगाभोवतीचे दिवे अंधुक तांबडे झाले. मीटर ४.५, ४.२, ४.१, आणि कॅमेरा मेला. दिवे विझले, भार उतरला, व्होल्टेज परत वर, कॅमेरा जिवंत. एक मिनिट उठायला, वायफाय पकडायला, भाच्याच्या ॲपच्या सर्व्हरशी सहा-सात जोडण्या करायला. मग अंधार जाणवला की टिक्. परत मरण. निरोप न घेता. सगळी रात्र, अडीच-अडीच मिनिटांनी, वॉचमनच्या वहीत सहा-सात खोट्या नोंदी टाकत.

हात स्टुलावरच थरथरला माझा. आनंदाने. ही खालून म्हणाली, "उतरा आता, पडाल."

काढलेल्या वायरवर भिंग धरून बघितलं. अगदी बारीक अक्षरांत २८ छापलं होतं. हा वायरचा गेज. आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक. अट्ठावीस गेजच्या तांब्याला मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. पाच मीटर जायचे, पाच यायचे, मिळून दोन ओहमच्या वर. अर्धा अँपिअर ओढला की एक व्होल्ट वायरीतच खलास. आठवीतलं गणित. ॲडॅप्टर निर्दोष, कॅमेरा निर्दोष, राउटर थोडा भोळा, आणि भाच्याची दिसत नसलेली वायर.

दुसऱ्या दिवशी वनाझला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरलो आणि चालत तपकीर गल्लीत. दुकानदाराला म्हटलं, कॅमेऱ्यासाठी एक मीटरची केबल द्या, पॉवरच्या तारा चोवीस गेजच्या हव्यात.

"काका, कॅमेऱ्याची, मोबाईलची, सगळी सारखीच असते."

"छापलेलं वाचून दाखवा."

त्याने दोन केबल्स डोळ्याजवळ धरून बाजूला टाकल्या, तिसरीवर अडखळत वाचलं, "अठ्ठावीस, एक पी... चोवीस, दोन सी." म्हणजे डेटाच्या तारा अठ्ठावीसच्या आणि पॉवरच्या चोवीसच्या. एकशे वीस रुपये. मला म्हणाला, "चाळीस वर्षांत कुणी वाचायला लावलं नाही." मी म्हटलं, आता लावतील.

ॲडॅप्टर दाराजवळच्या बेलच्या बोर्डावर आणला. वायर आता दिसते, काळी, जाडजूड. डोळ्यावर पंजा धरला: टिक्, तांबडे दिवे, मीटरवर ५.०. पाच मिनिटं धरून उभा होतो, पाच पॉइंट शून्य.

तिसऱ्या आठवड्यातही सेशन्स अडीचशेच्या आतच आहेत. अपडेटही आता करून घेतलं, सूनबाईच्या समाधानासाठी. मधे एका गुरुवारी लाईट चार तास गेली होती, राउटर चालूच राहिला आणि कुणाला काही कळलंही नाही.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कॅमेरा बदलला का? रात्रीचं पण दिसतंय." त्याने फोटो पाठवला. दोन वर्षांत आमच्या दाराचं रात्रीचं चित्र पहिल्यांदाच आलं होतं. करड्या उजेडात चपलांचा स्टँड, आणि वरच्या फळीवर हिच्या नव्या कोल्हापुरीवर अंगाची गुंडाळी करून झोपलेलं तिसऱ्या मजल्यावरचं मांजर.

ही बराच वेळ फोटो बघत होती. मग म्हणाली, "तरीच केस."